बढतीच्या कागदावर खुल्या विज्ञानाला रकाना हवा

(विजयनगर, म्हैसूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



विषयपत्रिका वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत, ते येथून दिसते आहे. आठव्या वेतन आयोगाचा प्रश्न समोर असताना युनियनचे सेक्रेटरी संशोधकांच्या बढतीवर का बोलणार, असे कोणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. वेतन आयोगावर दुपारच्या सत्रात बोलावयाचेच आहे. परंतु वेतन आयोगाचा हिशेब जेथून सुरू होतो, तेथूनच आम्हाला ही गोष्ट सुरू करावयाची आहे.

किमान वेतनाचा हिशेब आपण कशावर मांडतो? १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरविलेल्या सूत्रावर. कमावणारा एक, खाणारी तोंडे मिळून तीन घटक, दर घटकामागे रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि वर जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. यातील आहाराचा भाग डॉ. एक्रॉइड यांच्या नावाने ओळखला जातो. हे गृहस्थ कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. कुन्नूर म्हणजे येथून निलगिरीचा घाट चढला की आलेच. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. आपल्याकडच्या ज्वारीत काय असते, तुरीच्या डाळीत काय असते, शेंगदाण्यात किती कस असतो, याची कोष्टके त्यांनी १९३७ साली सरकारी पुस्तिका म्हणून छापली. कोणीही घ्यावी, कोणीही वाचावी. २०१५ साली सातव्या वेतन आयोगाने किमान वेतन १८,००० रुपये काढले आणि आपल्या बाजूने २६,००० मागितले, तेव्हा दोन्ही बाजू त्याच एका सूत्रावर भांडत होत्या. भांडता आले, कारण हिशेबाची कोष्टके दोघांच्याही हातात होती.

महाराष्ट्रातलीच दुसरी गोष्ट घ्या. रोजगार हमीच्या कामावर मजुराला चार रुपये रोज पुरेसा आहे, असा हिशेब पागे समितीने मांडला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. अभय बंग यांनी तो हिशेब घेऊन एकेक आकडा तपासला. मजुराला किती कॅलरी लागतात, त्याच्यावर किती माणसे अवलंबून असतात, हे सारे त्यांनी पुन्हा मांडले आणि रोज १२ रुपये निघाला. पुढे सरकारला दर वाढवावा लागला. समितीने आपले आकडे छापले नसते आणि नुसता निकाल सांगितला असता, तर डॉक्टरांना तपासायला काय मिळाले असते? नंतर त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बालकांच्या घरगुती उपचाराचे जे काम केले ते जगाला ठाऊक आहे. आमच्या मते मजुरीच्या त्या तपासणीचे मोलही त्याहून कमी नाही.

विद्वान मंडळी ज्याला 'खुले विज्ञान' म्हणतात ते एवढेच. संशोधकाने काढलेला निबंध ज्याला पाहिजे त्याला फुकट वाचता यावा, निबंधामागची आकडेवारी तपासायला मिळावी, कोणत्या रीतीने प्रयोग केला आणि संगणकावर हिशेब कसा मांडला तेही उघड असावे, आणि जो प्रयोग फसला त्याचीही नोंद राहावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने याची शिफारस मंजूर केली. आपल्या सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या दोन विभागांनी तर २०१४ च्या डिसेंबरातच धोरण जाहीर केले होते की, आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा निबंध खुल्या भांडारात जमा करावा. त्याच धोरणात असेही म्हटले होते की कामाची किंमत कामावरून करावी, ते कोणत्या नियतकालिकात छापले त्यावरून करू नये.

उत्तम धोरण. परंतु रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला धोरण आणि सर्क्युलर यांतला फरक सांगावा लागत नाही. धोरण दिल्लीत असते. माणूस वागतो ते त्याच्या बढतीचा कागद पाहून.

तेव्हा तो कागद आम्ही मागवून पाहिला. युनिव्हर्सिटीतल्या मास्तरांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांची पद्धत आणली. संदर्भित नियतकालिकात निबंध आला की १५ गुण, आय.एस.एस.एन. क्रमांक असलेल्या दुसऱ्या कशात आला तरी १०. २०१८ साली नियम बदलले. विज्ञान शाखेत निबंधाला ८ गुण झाले, देशातल्या पेटंटला ७ आणि परदेशातल्या पेटंटला १०. आता रेल्वेतला कोणीही क्लार्क हा तक्ता पाहून सांगेल की, आपले ज्ञान पेटंटाच्या कुलपात ठेवले तर गुण आहेत, आणि तीच आकडेवारी उघड्यावर ठेवली तर तिच्यासाठी रकानाच नाही. शून्य गुणही नाहीत, कारण शून्य मांडायलासुद्धा रकाना लागतो.

पेटंट वाईट, असे आमचे म्हणणे नाही. याच म्हैसुरात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळाचे अन्न होऊच शकत नाही, असे बाहेरचे तज्ज्ञ सांगत होते, तेव्हा येथल्या शास्त्रज्ञांनी पन्नाशीच्या दशकात ते करून दाखविले. त्याचे पेटंट घेतले गेले आणि ती रीत खेड्याच्या सहकारी दूध संघाला, म्हणजे अमूलला मिळाली. गवळ्यांचा फायदा झाला आणि आपल्या घरात बाळासाठी डबा आला. कुलूप कोणासाठी लावले आणि किल्ली कोणाला दिली हे पाहावे लागते. आमची तक्रार कुलपाबद्दल नाही. कुलपाला दहा गुण आणि दाराला शून्य, ही जी वाटणी आहे तिच्याबद्दल आहे.

नुसत्या मोजणीने काय होते, ते वर्कशॉपातल्या मंडळींनी आमच्यापेक्षा जास्त पाहिले आहे. नग मोजायचे आणि नगावर पैसे द्यायचे ठरले, की नग वाढतात. पण इन्स्पेक्टर ढिला असेल तर त्यातले किती नग लाईनवर टिकतील हे विचारू नका. शिक्षणातही तेच झाले. निबंधाला गुण ठरताच निबंध छापणारी दुकाने निघाली. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या. २०१८ साली पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचविलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढून टाकली. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात केंद्र उघडून 'केअर' नावाची नवी, गाळलेली यादी सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. यादी काढली, यादी गाळली, यादी बंद केली. मूळ रोग यादीत नव्हताच. बढतीसाठी नग मोजायचे, हा रोग होता.

ही गोष्ट सांगण्याचे आणखी एक कारण आहे. या दुकानांतली पुष्कळशी स्वतःला 'खुली नियतकालिके' म्हणवीत होती. वाचकाला फुकट, लेखकाकडून पैसे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तेव्हा खुलेपणाला नुसते गुण द्या म्हटले तर उद्या खुलेपणाचीही दुकाने निघतील. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या मागणीत त्याचा बंदोबस्त करावयाचा आहे.

आता संशोधकाच्या बाजूने विचार करू. तो दार उघडत नाही, म्हणून त्याला शिव्या देणे सोपे आहे. पण तो कशाला उघडील? तीन वर्षे ऊन-पावसात फिरून एखाद्या मुलीने आकडेवारी जमविली. तिने ती मांडून ठेवली आणि मोठ्या संस्थेतल्या कोणी चार संगणक लावून महिन्यात तिच्यावर निबंध काढला, तर नाव कोणाचे? ज्याच्या हाती ससा तो पारधी. हिने रान उठविले ते कोणाच्या लक्षातही राहणार नाही. ही भीती खरी आहे आणि ती घालविल्याशिवाय उपदेश करण्यात अर्थ नाही.

ती घालविता येते. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. पुण्या-नाशकाच्या रस्त्याने गेलेल्यांनी त्या दुरून पाहिल्या असतील. ज्या शास्त्रज्ञाने तेथे निरीक्षणासाठी वेळ मागून घेतला, त्याच्या निरीक्षणांवर दीड वर्ष त्याचा पहिला हक्क असतो. त्यानंतर ती जगातल्या कोणालाही मिळतात. किती साधी रीत आहे पाहा. मेहनत केली त्याला पहिली संधी, आणि मग सर्वांना. आपल्या बदलीच्या नोंदवहीत नाव आधी लिहिलेल्याचा नंबर आधी लागतो, त्याच जातीचा हा न्याय आहे. जेथे असा नियम लिहिलेला असतो तेथे भीतीला जागा उरत नाही.

आणि जेथे नियम नसतो तेथे काय होते, त्याचे उदाहरण चीनचे आहे. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाच्या विषाणूची जनुकीय रचना सर्वप्रथम जगापुढे उघड मांडली ती शांघायच्या प्रा. झांग योंगझेन यांच्या गटाने. तारीख होती ११ जानेवारी. त्या रचनेवरून जगभर तपासणीचे संच आणि लशी तयार करण्याचे काम सुरू झाले. आपल्यातल्या ज्या लोको पायलट, गार्ड, पोस्टमन बंधूंनी टाळेबंदीतही ड्यूटी केली आणि पुढे लस घेतली, त्यांच्यापर्यंत ते काम पोहोचले. प्रा. झांग यांना काय मिळाले? दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा 'दुरुस्ती'साठी बंद करण्याचा हुकूम निघाला. २०२४ च्या एप्रिलअखेर त्यांना प्रयोगशाळा खाली करावयास सांगितले, तेव्हा हा माणूस दारासमोर धरणे धरून बसला. केंद्राचे म्हणणे असे की इमारतीच्या सुरक्षिततेचे काम होते. काहीही असो, ज्याने जगासाठी दार उघडले त्याच्यावर स्वतःच्या दाराबाहेर बसण्याची पाळी आली, हे आम्हा युनियनवाल्यांना विसरता येत नाही.

आपल्या देशात दार बंद झाले नाही तरी दखल उशिरा घेतली जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांच्या मिश्रणाने कॉलऱ्याचे रोगी वाचविले. रीत छापून जगाला दिली. पद्मविभूषण जाहीर झाले २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर. चांगल्या कामाची अशी वाट पाहावी लागत असेल तर नव्या मुलांनी कोणता रस्ता धरावा?

म्हणून आम्ही म्हणतो की बक्षीस नेमाचे असावे, नशिबाचे नको. आणि अशी नेमाची बक्षिसे कोठे कोठे दिलेली आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये आपल्या सी.एस.आय.आर.ने क्षयरोगावरच्या औषधासाठी खुल्या संशोधनाचा उपक्रम काढला. क्षयरोग म्हणजे चाळीतला, बराकीतला आणि गँग-हटमधला रोग. मोठ्या औषध कंपन्यांना त्यात फार नफा दिसत नाही. हजारो विद्यार्थी आणि शिक्षक त्या कामाला लागले. त्यात एक चांगली गोष्ट केली होती. ज्याने जेवढा हातभार लावला त्याच्या नावावर तेवढे श्रेयगुण जमा होत. लहान भर असली तरी नोंद व्हायची. वांधा एवढाच की ते श्रेयगुण त्या उपक्रमाच्या वहीत राहिले. कॉलेजातल्या बढतीच्या कागदात त्यांना जागा नव्हती. एका खात्याची सुट्टी दुसऱ्या खात्यात चालत नाही, त्यातला प्रकार.

बेल्जियम देशात लिएज नावाचे शहर आहे, पोलाद आणि कोळशाच्या कामगारांचे जुने शहर. तेथल्या विद्यापीठाच्या कुलगुरूंनी २००८ मध्ये खुले भांडार उघडले आणि प्राध्यापकांना उपदेश वगैरे काही केला नाही. एकच नियम केला. बढतीच्या वेळी आम्ही फक्त भांडारात जमा केलेलेच निबंध विचारात घेऊ. जमा नाही तर ते काम आम्हाला दिसले नाही. निबंधांचा ओघ लागला. कोणाला पैसा द्यावा लागला नाही, शिक्षा करावी लागली नाही.

आमच्या मते या विषयातले सर्वांत मोठे शहाणपण या एका नियमात आहे. त्याचा पुरावा पाहण्यासाठी बेल्जियमलाही जावयास नको. येथे, म्हैसूर विद्यापीठात २००० च्या सुमारास 'विद्यानिधी' नावाचा उपक्रम सुरू झाला होता. पीएच.डी.चे प्रबंध संगणकावर ठेवून सर्वांना वाचावयास द्यावेत, ही कल्पना त्या वेळी देशात नवी होती. म्हैसूरने वाट दाखविली, पण प्रबंध देणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असेल तर किती येणार? २००९ च्या आयोगाच्या नियमांत पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करण्याची अट आली, 'शोधगंगा' उभी राहिली, आणि आज तेथे लाखो प्रबंध कोणालाही उघडून पाहता येतात. याच म्हैसुरातल्या भारतीय भाषा संस्थेतून २०१६ पासून 'भारतवाणी'वर मराठीसह अनेक भाषांचे कोश फुकट मिळतात, तेही घरी मुलांना दाखवा. मुद्दा असा, की पदवीच्या नियमात बसले ते टिकले.

आता एक गोष्ट आपल्या लाईनवरची. की-मन पहाटे रूळ तपासत जातो. त्याला तडा दिसला, त्याने लाल झेंडी दाखवून गाडी थांबविली, तर त्याला रोख बक्षीस आणि प्रशस्तिपत्र मिळते. म्हणजे दोष शोधून सांगणे हे आपल्याकडे बक्षिसाचे काम आहे. विज्ञानात उलट आहे. प्रयोग फसला, औषध लागू पडले नाही, जुन्या निबंधातला आकडा चुकीचा निघाला, असे सांगणाऱ्याला कोण विचारतो? निबंध छापला जातो तो यशाचा. मग दहा ठिकाणी दहा जण तोच फसलेला प्रयोग पुन्हा करतात, आणि पैसा जातो सरकारचा, म्हणजे आपलाच. तडा शोधणाऱ्याला बक्षीस, हा रेल्वेचा नियम शास्त्रज्ञांना उसना द्यावयास आमची हरकत नाही.

नाण्याची दुसरी बाजूही आपल्याला माहीत आहे. जेथे कामगाराने प्रामाणिकपणे दोष लिहिला आणि त्यालाच चार्जशीट मिळाली, तेथे पुढच्या वेळी वहीत 'सर्व ठीक' एवढेच लिहिले जाते. अशी नोंदवही आम्ही पाहिलेली आहे, जागेचे नाव घेत नाही. उघडेपणाला शिक्षा झाली की खोटेपणा आपोआप पिकतो. त्याला फर्मान काढावे लागत नाही.

आता आम्हाला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट. संशोधन म्हणजे चष्मा लावलेले प्राध्यापक, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात नळ्या धुणारी, नमुने गोळा करणारी, रात्री उपकरणाजवळ बसणारी मंडळी ही बव्हंशी फेलोशिपवरची, प्रकल्पावरची, मुदतीची पोरे असतात. केंद्र सरकारच्या ज्युनियर रिसर्च फेलोला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे मिळते. ते वाढवून घेण्यासाठीही या मुलांना रस्त्यावर यावे लागले होते. प्रकल्प संपला की नोकरी संपली. जुन्या काळी आपल्याकडे कॅज्युअल लेबर होते, ही तीच जात, फक्त शिकलेली. आपल्या सॉर्टरांच्या, ट्रॅकमनच्या घरांतली मुले आता तेथे पोहोचली आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण खुल्या विज्ञानाचा धोका कोण घेतो? ज्याची खुर्ची पक्की आहे त्याला आपली आकडेवारी उघडी करावयास काय लागते? त्याचे पेन्शन कोठे जात नाही. ज्या मुलीचा पुढचा करार एका निबंधावर लटकला आहे, तिच्यावर आधी दार उघडण्याची सक्ती आणि बक्षीस मात्र प्रमुखाला, असे झाले तर या सुधारणेला आम्ही सुधारणा म्हणणार नाही.

आकडेवारी नीटनेटकी करून, नोंदी लावून, दुसऱ्याला समजेल अशी मांडून ठेवणे हे काम असते. आर.एम.एस.मध्ये टपाल गोणीत कोंबणे आणि बीटवार लावणे यात जो फरक, तोच येथे. लावण्याला वेळ लागतो, माणूस लागतो. हे काम प्रमुख करीत नाही. ते याच मुदतीच्या पोरांच्या किंवा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या गळ्यात पडते. मग त्या कामाचे तास धरा, त्याचा पगार धरा, आणि आकडेवारीवर नाव कोणाकोणाचे ते लिहा. तंत्रज्ञाचे नाव निबंधाच्या शेवटी आभारात एका ओळीत येते. आभाराला गुण नसतात.

पैशाबद्दलही दोन शब्द. निबंध सर्वांना खुला करण्यासाठी काही परदेशी प्रकाशक लेखकाकडून फी घेतात. 'नेचर' या प्रसिद्ध साप्ताहिकाने २०२० च्या अखेरीस एका निबंधासाठी ९,५०० युरो असा दर जाहीर केला. आपल्या रुपयांत तो आठ लाखांच्या वर गेला. याला आम्ही खुले विज्ञान म्हणत नाही. हे तिकीट खिडकी वाचकाकडून उचलून लेखकाच्या दारात ठेवणे झाले. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी कॉलेजांतल्या आणि संशोधन संस्थांतल्या मुलांची सोय झाली, त्याचे स्वागत आहे. पूर्वी लहान गावातल्या कॉलेजला ही नियतकालिके स्वप्नातही दिसत नव्हती. परंतु आपल्या इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात बसलेल्या पॉइंट्समनला ती योजना लागू नाही. त्याच्या फुप्फुसाच्या आजारावरचा निबंध त्याच्याच करातून झाला असला तरी त्याला कुलूपच. संशोधकाने आपली प्रत खुल्या भांडारात ठेवणे हा मार्ग आहे, त्याला नऊ हजार युरो लागत नाहीत. पण ती प्रत ठेवावयास लावणारा नियम पाहिजे, आणि पुन्हा आपण बढतीच्या कागदाशी येऊन पोहोचतो.

जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला. गुणांची मोजणी सोडून 'उल्लेखनीय योगदान' पाहावे, असा त्याचा रोख आहे. नऊ क्षेत्रे दिली आहेत, त्यांत भारतीय भाषांतून शिकविणे आहे, स्टार्टअप आहे. आकडेवारी खुली करण्याचे नाव आम्हाला त्यात दिसले नाही. नगाची मोजणी गेली तर चांगलेच. पण मोजणी जाऊन त्या जागी साहेबाची मर्जी आली तर? सी.आर.चे दिवस आपण भोगलेले आहेत. बंद लिफाफ्यात कोणी काय लिहिले ते कळत नव्हते. देवदत्त यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे, तेव्हा कोठे ते दार किलकिले झाले. विज्ञान खुले करा म्हणणाऱ्या संस्थेची निवड समिती बंद दाराआड बसणार असेल, तर तो विनोद होईल. कोणाला कशासाठी घेतले आणि कशासाठी डावलले, हे सिनिऑरिटी लिस्टसारखे बोर्डावर लागले पाहिजे.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे अजूनही कोणी विचारील. फेडरेशनमध्ये आपल्याबरोबर शिक्षकांच्या आणि संशोधन संस्थांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना बसतात. त्यांच्या मागण्यांत आपण आपली मागणी घालावी, एवढेच आम्ही सुचवितो. बंग डॉक्टरांनी मजुरीचा हिशेब तपासला तसा उद्या कोणी रनिंग स्टाफच्या झोपेचा, ट्रॅकमनच्या उन्हाचा, पोस्टमनच्या पाठीवरच्या ओझ्याचा अभ्यास करील. तो कुलपात गेला तर बोर्डापुढे आपण काय घेऊन बसणार? आणि तो करणाऱ्याला त्यापायी बढती चुकणार असेल तर तो करीलच कशाला?

ठरावाचा कच्चा मसुदा मराठीत आणि कानडीत टेबलावर ठेवला आहे. त्यात असे म्हटले आहे की, सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा जो निबंध खुल्या भांडारात जमा असेल तोच बढतीसाठी विचारात घ्यावा. आकडेवारी जमविणाऱ्याला ठरावीक मुदतीचा पहिला हक्क द्यावा आणि मग ती खुली करावी. खुली केलेली आकडेवारी, फसलेल्या प्रयोगाची नोंद आणि दुसऱ्याच्या आकड्यांची तपासणी यांना बढतीच्या कागदावर जागा द्यावी. मात्र नग मोजून नव्हे, तर ती आकडेवारी दुसऱ्या कोणी उघडून वापरून पाहिली का, हे तपासून. या कामाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळा धरावा, आणि त्यावर राबलेल्या फेलोचे व तंत्रज्ञाचे नाव लावावे. मुदतीच्या कर्मचाऱ्यावर, त्याला करारात संरक्षण मिळेपर्यंत, सक्ती करू नये.

पहिल्या हक्काची मुदत किती असावी, ती जागा कोरी सोडली आहे. खोडदला दीड वर्ष आहे. खेड्यात फिरून करावयाच्या कामाला ती कमी पडेल, असे आम्हाला वाटते. ज्यांच्या घरात संशोधन करणारी मुले आहेत त्यांनी आज रात्री घरी विचारावे आणि उद्या सकाळी सभा सुरू होण्यापूर्वी दुरुस्त्या लेखी द्याव्यात. आता चहा आहे. त्यानंतर लगेच वेतन आयोग.